थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आवाज गेला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातले बरेच रुग्ण थायरॉईडची गाठ काढायला मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्याला जातात आणि टाके निघाले की गावी परततात. आवाजाची तक्रार डोकं वर काढते ती घरी आल्यावर, आणि तोवर ऑपरेशन करणारे डॉक्टर घाटापलीकडे किंवा एका रात्रीच्या प्रवासावर असतात. ही उत्तरं अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहेत.

ऑपरेशन गळ्यातल्या गाठीचं होतं. आवाज कसा गेला?

स्वरयंत्र हलवणारी नस थायरॉईडच्या पाठीमागूनच जाते. व्हेगस नावाची मोठी नस मेंदूकडून मानेतून छातीकडे उतरते आणि तिची एक फांदी उलटी फिरून पुन्हा वर चढते. डावीकडे ही फांदी महाधमनीच्या कमानीखालून वळते, उजवीकडे हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीखालून. पुढे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून वर येऊन ती स्वरयंत्रात शिरते. जाडी जेमतेम एक-दोन मिलीमीटर. थायरॉईडला श्वासनलिकेशी बांधून ठेवणारा एक चिवट पट्टा असतो, त्याला ती अगदी खेटून असते. सर्जन गाठ पुढे ओढून घेतो तेव्हा नेमका तिथेच तिच्यावर ताण पडतो.

नस कापली जाण्यापेक्षा ताणली जाणं कितीतरी जास्त वेळा घडतं. कधी रक्त थांबवण्याच्या विजेच्या उपकरणाची उष्णता लागते, कधी ती चिमट्यात किंवा टाक्यात सापडते. कॅन्सर नसेतच शिरलेला असेल तर ती मुद्दाम काढावीही लागते. नसेचा संदेश बंद झाला की त्या बाजूची व्होकल कॉर्ड, म्हणजे स्वरतंतू, हलायची थांबते. बोलताना दोन्ही तंतू मध्ये येऊन मिटायला हवेत. एक जागेवरच राहिला की फट उरते आणि त्या फटीतून हवा फुकट जाते.

हा लकवा आहे का? हात-पाय पण जातील का?

नाही. मेंदूला काहीही झालेलं नाही. एका बारीक नसेपुरता हा प्रश्न आहे आणि तो शरीरात इतरत्र पसरत नाही.

आवाज तर ऑपरेशननंतर सगळ्यांचाच बसतो. मग कॉर्डचा त्रास ओळखायचा कसा?

भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात. तिच्यामुळे घसा सुजतो आणि आवाज जड होतो, पण हा आवाज रोज थोडा थोडा सुधारत जातो आणि बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होतो. कॉर्ड लुळी पडली असेल तर आवाज घोगरा असतोच, पण त्याहून जास्त तो हवेशीर, पोकळ असतो. चार शब्द बोलले की दम संपतो. खोकला फुसका येतो, त्याला ठोका नसतो. पाणी पिताना ठसका लागतो. दिवसभर बोलून संध्याकाळी मान आणि गळा दुखतो.

घरी एक साधी चाचणी करता येते. खोल श्वास घ्या आणि नेहमीच्या आवाजात ‘आ’ लांबवा, घड्याळ लावून. तीनदा करा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. निरोगी माणूस साधारण १५ ते २० सेकंद टिकतो. आकडा दहाच्या खाली असेल आणि आवाजासोबत हवा ऐकू येत असेल तर कॉर्ड नीट मिटत नाही अशी शंका घ्या. तारीख घालून आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे सुधारणा मोजायला उपयोगी पडतो. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या रुग्णाचा आकडा मुळातच कमी येतो, एवढं लक्षात असू द्या.

बोलणं ठीक आहे पण वरची पट्टी लागत नाही, हाक लांब जात नाही, अशी तक्रार असेल तर वेगळी, वरची नस दुखावलेली असू शकते. ती तंतूला ताण देणाऱ्या स्नायूला जाते. भजनी बुवा, दशावतारातले कलाकार आणि शाळेतल्या बाई यांना हे लगेच जाणवतं, बाकीच्यांना कित्येकदा कळतही नाही. दुर्बिणीतही ते सहज दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना ‘आवाज बसलाय’ एवढंच न सांगता ‘वरचा सूर गेलाय’ असं स्पष्ट सांगा.

दोन आठवडे उलटूनही आवाज जागेवर नसेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. ‘येईल हळूहळू’ हे दुर्बिणीत पाहिल्यानंतर म्हणायचं, त्याआधी नाही.

लगेच हॉस्पिटल गाठायचं ते कधी?

श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघरल्यासारखा आवाज येत असेल तर. ऑपरेशनच्या जागी मान फुगून घट्ट झाली आणि श्वास अडायला लागला तर. आतल्या रक्तस्रावाचा हा धोका पहिल्या २४ तासांत सर्वांत जास्त असतो. ताप, दम आणि कफ एकदम सुरू झाला तर, कारण ठसक्यातून अन्न-पाणी फुप्फुसात गेलेलं असू शकतं. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येऊन हात वाकडे व्हायला लागले तर. हे कॅल्शियम उतरल्याचं लक्षण आहे आणि त्यात घसा एकदम आवळून श्वासही अडू शकतो.

अशा वेळी ‘आमच्या डॉक्टरांकडेच नेऊ’ म्हणून रात्री मुंबईचा रस्ता धरू नका. १०८ ला फोन करा आणि ऑक्सिजन व भूलतज्ज्ञ असलेलं जवळचं उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. घाटात गाडी अडकली आणि श्वास बंद झाला तर सोबतच्या माणसाच्या हातात काहीच उरत नाही.

दुर्बिणीची तपासणी त्रासाची असते का?

नाकात बधिर करणारं औषध मारतात आणि पेन्सिलीहून बारीक, लवचिक दुर्बीण नाकातून घशाच्या वरपर्यंत नेतात. पाच मिनिटांचं काम. तुम्हाला ‘ई’ म्हणायला, नाकाने हुंगायला आणि खोकायला सांगतात, कारण ‘ई’ म्हणताना तंतू मिटतात आणि हुंगताना उघडतात. कुठली बाजू हलत नाही ते त्यावरून दिसतं. नंतर जीभ-घसा तासभर बधिर राहतो, तोवर खाऊ-पिऊ नका.

तपासणीचा व्हिडिओ मागून मोबाईलवर घ्या. ‘डावी कॉर्ड हलत नाही’ एवढा लेखी रिपोर्ट पुढच्या डॉक्टरांना पुरत नाही. फट किती आहे, पुढे आहे की मागे, तंतू बारीक झालाय का, घशाच्या खाचेत थुंकी साचते का, हे सगळं व्हिडिओत दिसतं. स्ट्रोबोस्कोपीची सोय असेल तर आणखी उत्तम, तिच्यात तंतूची थरथर संथ करून बघता येते. क्वचित नळी घालताना स्वरयंत्रातला छोटा सांधाच सरकलेला असतो आणि तोही लुळ्या कॉर्डसारखाच दिसतो. तो लवकर ओळखला तर बसवता येतो, म्हणूनही तपासणीत उशीर नको.

नस बरी व्हायला किती दिवस लागतात?

नुसती ताणली किंवा सुजली असेल तर काही आठवडे ते काही महिने. बहुतेक तात्पुरत्या इजा सहा महिन्यांच्या आत सुधारतात, काहींना वर्ष लागतं. वर्षानंतर हालचाल परत येण्याची आशा फारच थोडी असते. नसेचे धागे तुटून पुन्हा वाढायचे असतील तर ते दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढतात, त्यामुळे इजा स्वरयंत्रापासून जितकी दूर तितका वेळ जास्त.

एक बारीक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. आवाज सुधारला म्हणजे कॉर्ड हलायला लागली असं नाही. कधी लुळा तंतू मध्याजवळ स्थिरावतो, निरोगी तंतू त्याच्यापर्यंत पोचतो आणि आवाज जवळजवळ पूर्ववत होतो, दुर्बिणीत मात्र हालचाल शून्यच असते. रोजच्या जगण्यात त्याने काही अडत नाही, पण पुढे मानेच्या दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन ठरलं की हाच मुद्दा जीवावरचा ठरतो.

सुयांनी स्वरयंत्राच्या स्नायूंची विद्युत तपासणी करूनही अंदाज घेता येतो. इजेनंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत ती उपयोगाची असते. ती मोजक्या मोठ्या केंद्रांतच होते आणि ती न करताही उपचार सुरू करता येतात.

डॉक्टर म्हणाले वर्षभर थांबा. थांबायचं का?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. वर्षभर थांबायचं ते *कायमस्वरूपी* ऑपरेशनसाठी, कारण नस स्वतःहून बरी होणार असेल तर पक्का बदल आधीच करून बसायला नको. उपचारासाठी थांबायचं नाही. तपासणी, गिळण्याची काळजी, आवाजाचे व्यायाम आणि गरज असेल तर विरघळणारं इंजेक्शन हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच करण्यासारखं आहे.

या काळात काहीच केलं नाही तर रुग्ण जोर लावून बोलायला शिकतो. खऱ्या तंतूंच्या वरचे खोटे पडदे आवळून तो आवाज काढतो, तो आवाज घुसमटलेला येतो आणि ती सवय मोडायला पुढे महिने जातात. म्हातारी माणसं बोलणंच सोडून देतात. ठसका लागतो म्हणून पाणी कमी पितात, जेवण कमी करतात, वजन उतरतं. ज्यांची नस ऑपरेशनमध्ये कापली गेल्याचं नक्की आहे किंवा कॅन्सरसोबत काढलेली आहे, त्यांनी तर वर्ष मोजत बसण्यात काहीच अर्थ नाही. त्यांच्यासाठी पक्क्या उपायाचा विचार लवकर सुरू व्हायला हवा.

इंजेक्शनने नेमकं काय करतात?

लुळ्या तंतूत भरणी करून तो जाड करतात आणि मध्याकडे सरकवतात, म्हणजे चालत्या तंतूला टेकायला जागा मिळते. नसेवर याचा परिणाम होत नाही, तिला बरी व्हायची मोकळीक राहते. औषध साधारण अर्धा ते एक मिलिलिटर लागतं. तंतूच्या कडेला न देता खोल, बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यावं लागतं. हे भूल देऊन तोंडावाटे करता येतं, किंवा रुग्णाला जागं ठेवून दुर्बिणीत बघत मानेवरून सुई घालूनही. जागेपणी केल्याचा फायदा असा की सुई आत असतानाच बोलायला लावून आवाज ऐकता येतो.

काय भरतात त्यावर ते किती टिकणार हे ठरतं. जिलेटिनचा स्पंज चार ते सहा आठवडे टिकतो. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज दोन-तीन महिने. हायल्युरॉनिक ॲसिड साधारण तीन ते सहा महिने, कधी जास्त. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट वर्षभर किंवा त्याहून थोडं पुढे. स्वतःच्या पोटाची चरबीही वापरतात, पण तिच्यातली किती विरघळेल आणि किती राहील हे आधी सांगता येत नाही, म्हणून मुद्दाम थोडी जास्त भरतात आणि सुरुवातीचे काही आठवडे आवाज जड येतो. नस बरी होण्याची आशा आहे तोवर लवकर विरघळणारं औषधच योग्य. पहिल्याच महिन्यात वर्षभर टिकणारं औषध भरायचा आग्रह कोणी धरला तर कारण विचारा.

बिघडतं कुठे? औषध फार वरवर, तंतूच्या नाजूक थरात गेलं तर तंतू ताठरतो आणि आवाज आधीहून खराब होतो. हे निस्तरायला अवघड असतं. जास्त भरलं किंवा सूज आली तर श्वास आवळल्यासारखा होतो, म्हणून पहिले काही तास देखरेखीत राहावं लागतं. त्याच दिवशी लांबच्या परतीच्या प्रवासाला निघू नका, एक रात्र शहरात मुक्काम करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा एक-दोन, आवाजाला विश्रांती द्या.

लवकर इंजेक्शन घेतलेल्यांना पुढे कायमच्या ऑपरेशनची गरज कमी पडते असं काही अभ्यासांत दिसलं आहे. एक शक्यता अशी की तंतू मध्याजवळ धरून ठेवल्यामुळे नस अर्धवट जरी सावरली तरी तो तिथेच स्थिरावतो.

थायरोप्लास्टी म्हणजे काय? मान पुन्हा कापायची का?

वर ज्यासाठी वर्षभर थांबायचं म्हटलं, ते कायमस्वरूपी ऑपरेशन म्हणजे बहुधा हेच. मान पुन्हा कापावी लागते, पण छेद छोटा. जपानी सर्जन नोबुहिको इशिकी यांनी १९७४ मध्ये या ऑपरेशनांचे प्रकार मांडले, त्यातला पहिला प्रकार आपल्या कामाचा. कंठमण्याच्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, लुळ्या बाजूला साधारण ५ बाय १० मिलीमीटरची खिडकी पाडतात आणि तिच्यातून सिलिकॉनचा तासलेला तुकडा किंवा गोर-टेक्सची पट्टी सरकवून तंतू आतून मध्याकडे ढकलतात. तंतूला हात लागत नाही. बहुधा जागा बधिर करून आणि हलकी गुंगी देऊन करतात, कारण टेबलावरच रुग्णाला आकडे म्हणायला लावून तुकडा किती आत ठेवायचा ते ठरवायचं असतं. रात्रभर हॉस्पिटलात ठेवतात, कारण आतली सूज पहिल्या दिवशी वाढते.

टेबलावर वेळ जास्त लागला तर तंतूही सुजतो. टेबलावर आवाज छान वाटतो आणि सूज उतरल्यावर पुन्हा फट पडते. म्हणून अनुभवी सर्जन थोडा जास्तच ढकलतात. तुकडा फार वर किंवा फार पुढे बसला तर आवाज आवळलेला येतो. फट मागच्या बाजूला मोठी असेल तर नुसत्या तुकड्याने भागत नाही, मागची छोटी कूर्चाही टाक्याने वळवावी लागते. तुकडा सरकणं किंवा आत उघडा पडणं क्वचित घडतं. सुरुवातीचा आवाज हा शेवटचा आवाज नव्हे; निकाल दोन-तीन महिन्यांनी धरा. तुकडा पुन्हा काढता किंवा बदलता येतो, ही या ऑपरेशनची मोठी जमेची बाजू.

नस जोडून मिळत नाही का?

मिळते, पण अपेक्षा नीट ठेवा. मूळ ऑपरेशनमध्येच नस तुटलेली दिसली तर तिथल्या तिथे जोडणं उत्तम. नंतर करायचं तर मानेतल्या दुसऱ्या स्नायूंची एक नस घेऊन स्वरयंत्राच्या नसेला जोडतात. दोन्हींत हालचाल परत येत नाही. उघडणारे आणि मिटवणारे धागे एकाच नसेत गुंफलेले असतात, वाढताना ते मिसळून जातात आणि दोन्ही स्नायू एकाच वेळी ओढले जातात. मिळतो तो ताण आणि भरीवपणा. तंतू वाळत नाही, मध्याजवळ राहतो, आवाज भरदार होतो. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, पूर्ण व्हायला वर्षही. तोवर काम निभावण्यासाठी सोबत विरघळणारं इंजेक्शन देतात. तरुण रुग्णाला हा मार्ग जास्त फळतो.

आवाजाचे व्यायाम घरी कसे करायचे?

आधी काय करू नये ते. कुजबुजू नका, कुजबुजताना गळा जास्त आवळला जातो. सारखा खाकरू नका, त्याऐवजी घोटभर पाणी किंवा कोरडा आवंढा गिळा. भिंत ढकलत किंवा खुर्ची उचलत जोराने ‘आ’ काढायचा जुना व्यायाम स्वतःहून करू नका, त्याने खोटे पडदे आवळायची सवय लागते.

नळीचा व्यायाम बहुतेकांना झेपतो. ग्लासात चार-पाच सेंटीमीटर पाणी घ्या आणि सरबताची नळी पाण्यात दोनेक सेंटीमीटर बुडेल अशी धरा. ओठ नळीभोवती मिटून हळू ‘ऊ’ काढा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत आणि गालात थरथर जाणवायला हवी. बुडबुडे धक्क्याधक्क्याने आले तर तुम्ही जोर लावताय. पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. बसतं तसं सूर थोडा खाली-वर सरकवा. मग नळी बाजूला ठेवून ओठ मिटून ‘म्’ गुणगुणा, थरथर ओठांवर आणि नाकाच्या बाजूला यायला हवी. त्यातूनच ‘मामा’, ‘मीना’, ‘मनू’ असे शब्द काढा. ओंकार म्हणत असाल तर मकार लांबवा, पण लांबी आणि जोर यांची स्पर्धा नको.

मान लुळ्या बाजूला वळवून बोललं की काहींचा आवाज एकदम भरतो. करून बघा, फरक पडला तर फोनवर बोलताना ही युक्ती वापरा. श्वास घेऊन पाच-सहा शब्द, पुन्हा श्वास, असं बोला. छाती फुगवून घेतलेला श्वास उपयोगाचा नाही, पोट पुढे यायला हवं.

हे सगळं वाक्-उपचारतज्ज्ञाकडून, म्हणजे स्पीच थेरपिस्टकडून एकदा समोर बसून शिकावं. पुढचे आठवडे व्हिडिओ कॉलवर चालतं, दापोलीहून किंवा देवगडहून दर आठवड्याला शहर गाठायची गरज नाही.

पाणी पिताना ठसका लागतो. काय खायचं, कसं प्यायचं?

इथे घरातल्या जुन्या सवयी आड येतात. तांब्या वर धरून पाणी तोंडात ओतायची सवय आजपासून बंद. मान वर केली की श्वासनलिकेची वाट उघडी राहते आणि पाणी सरळ तिकडे जातं. शहाळं तोंडाला लावून पिणंही त्याच कारणाने नको. पाणी पेल्यात काढा आणि चमच्याने घ्या.

ताठ बसा. चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी घ्या, मान लुळ्या बाजूला वळवा, हनुवटी छातीकडे झुकवा आणि गिळा. लगेच दुसऱ्यांदा कोरडं गिळा. तरीही ठसका लागत असेल तर श्वास रोखून गिळा, गिळल्याबरोबर श्वास न घेता हलकं खोका, पुन्हा गिळा. जेवताना बोलू नका, टीव्ही बंद. जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ नका.

पातळ पदार्थ वेगाने घसरतात आणि मिटायला उशीर करणाऱ्या स्वरयंत्राला चकवतात. म्हणून पाणी, चहा, सोलकढी आणि पातळ ताक यांनाच ठसका जास्त लागतो, भाताला कमी. कुळथाची दाटसर पिठी, नाचणीची आंबील, घट्ट दही, घोटलेला मऊ भात, केळं हे सोपं जातं. पेज मात्र दिसते तितकी सोपी नाही. तिच्यात पाणी वेगळं आणि शितं वेगळी असतात, दोन्ही एकाच घासात सांभाळावी लागतात आणि पाणी आधी निसटतं. पेज द्यायची तर शितं घोटून एकजीव करून द्या. माशाच्या कढीचंही तसंच: कढी भातात कालवून घट्ट करा, काटे दुसऱ्या कुणीतरी काढून द्या. कोरडी चटणी, पोहे, चुरमुरे आणि सुका जवळा काही दिवस बाजूला ठेवा. त्यांचे कण घशात उडतात.

ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. हीच नस तंतूंच्या खालच्या भागाला संवेदना देते, त्यामुळे पाणी आत जाऊनही कधी खोकला येत नाही. जेवणानंतर आवाज ओला, गुरगुरल्यासारखा येत असेल किंवा वारंवार ताप येत असेल तर दुर्बिणीतून गिळण्याची तपासणी करून घ्या.

दोन्ही बाजूंच्या कॉर्ड लुळ्या पडल्या तर?

तेव्हा आवाज बऱ्यापैकी राहतो आणि श्वास अडतो, कारण दोन्ही तंतू मध्याजवळ अडकतात. बहुधा भुलीची नळी काढताच कळतं. नळी परत घालावी लागते आणि गरज पडली तर मानेला छिद्र पाडून ट्रॅकिऑस्टॉमी करतात. नसा सावरण्याची सहा महिने ते वर्षभर वाट बघतात. नाही सावरल्या तर लेसरने एका तंतूचा मागचा भाग कापून वाट मोठी करतात, किंवा टाक्याने एक तंतू बाजूला ओढून ठेवतात. श्वासाची वाट जितकी मोठी करावी तितका आवाज कमी होतो आणि ठसका वाढतो. किती द्यायचं आणि किती घ्यायचं हा निर्णय रुग्णाला विचारूनच व्हायला हवा.

ट्रॅकिऑस्टॉमी घेऊन गावी येणार असाल तर आतली नळी काढून धुणं आणि कफ ओढणं हे घरातल्या दोघांना तरी हॉस्पिटलातच शिकवून घ्या. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून विजेच्या सक्शन मशीनसोबत पायाने चालणारंही ठेवा. नदीत, तळ्यात किंवा समुद्रात उतरू नका. पाणी छिद्रातून थेट फुप्फुसात जातं.

गोळ्यांनी किंवा काढ्याने कॉर्ड सुरू होते का?

लुळी कॉर्ड खात्रीने सुरू करणारं औषध नाही. स्टिरॉइड सुरुवातीला सुजेसाठी देतात. बी-१२ कमी असेल तर जरूर घ्यावं, पण नस त्याने जुळत नाही. ज्येष्ठमधाने घशाला आराम पडतो एवढंच. रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी टाळावा. आम्लपित्त वर येत असेल तर मात्र त्यावर उपचार घ्या, ते तंतूंची सूज वाढवतं.

थायरॉईडची गोळी चुकवू नका. हार्मोन कमी पडलं की आवाज त्यानेही जड होतो. ती उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. गोळ्या अडकत असतील तर दाट दह्यासोबत गिळता येतील का ते डॉक्टरांना विचारा, थायरॉईडची गोळी सोडून.

सर्जनची चूक झाली असं समजायचं का?

तेवढ्यावरून नाही. अनुभवी हातांतही साधारण शंभरातल्या एक-दोघांना कायमची इजा होते, तात्पुरती त्याच्या काही पट जणांना. दुसऱ्यांदा होणाऱ्या ऑपरेशनमध्ये, मोठ्या गाठीत आणि कॅन्सरमध्ये धोका वाढतो. नस डोळ्यांनी पाहिली होती का, नस काम करते का हे ऑपरेशन चालू असताना दाखवणारा मॉनिटर लावला होता का आणि शेवटी त्याचा सिग्नल येत होता का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आवाज गेल्याची तक्रार उडवून लावणं मात्र चूकच, आणि तिथे दुसरं मत घ्यावं.

थायरॉईडची दुसरी बाजूही काढायची आहे. काढू का?

आधी दुर्बिणीची तपासणी, आवाज कितीही चांगला असला तरी. एक बाजू बंद असताना दुसरी दुखावली तर श्वासच अडतो. शक्य असेल तर पहिली बाजू सावरेपर्यंत थांबतात. थांबता येत नसेल तर नस-मॉनिटर असलेल्या केंद्रात आणि ट्रॅकिऑस्टॉमीची तयारी ठेवून करतात.

कामावर कधी जायचं?

बसून करायचं काम जखम भरली की सुरू करता येतं. शिक्षक, एसटीचे वाहक आणि बाजारात मासळी विकणाऱ्या बायका यांनी ओरडून काम भागवू नये. कमरेला लावायचा छोटा माईक-स्पीकर मिळतो, तो घ्यावा. मच्छी लिलावाच्या गोंगाटात महिनाभर आवाज ताणला तर थेरपीत कमावलेलं सगळं जातं.

जड उचलण्याचा संबंध चटकन लक्षात येत नाही. टोपली डोक्यावर घेताना किंवा जाळं ओढताना आपण तंतू मिटून छातीत हवा कोंडतो. फट असली की हवा निसटते आणि जोर लागत नाही. ही अंगातली कमजोरी नव्हे, कॉर्ड मिटायला लागली की जोर परत येतो. होडीवर जाणाऱ्यांनी आणि पोहणाऱ्यांनी दुर्बिणीची तपासणी होऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत खोल पाण्यात उतरू नये, एका घोटानेही श्वास कोंडू शकतो. डबलबारी आणि गणपतीतली भजनं या वर्षी ऐका, टाळ धरा, कोरसला सूर लावू नका.

कोकणातून कुठे जायचं?

दुर्बिणीची पहिली तपासणी जिल्ह्यातच होऊ शकते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबाग इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. कान-नाक-घसा विभागाला आधी फोन करून ‘लवचिक दुर्बीण आहे का, कोणत्या वारी’ हे विचारा. सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं, राजापूर-वैभववाडीकडच्यांना कोल्हापूर. इंजेक्शन आणि थायरोप्लास्टीसाठी आवाजाचं काम नेहमी करणारा सर्जन शोधा, त्यासाठी बहुधा मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागेल. वाक्-उपचारासाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारा, नंतर नाही.

सोबत कुठले कागद न्यायचे?

ऑपरेशनची सविस्तर नोंद, नुसतं डिस्चार्ज कार्ड नव्हे. कुठली बाजू काढली, नस दिसली का, ती कापली किंवा जोडली का, हे त्या नोंदीतच असतं. गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट. ऑपरेशनआधी दुर्बिणीत पाहिलं असेल तर तो रिपोर्ट. नंतरच्या तपासणीचा व्हिडिओ. थायरॉईड आणि कॅल्शियमचे अलीकडचे आकडे, चालू गोळ्यांची यादी, ‘आ’ किती सेकंद टिकतो त्याची वही. शिवाय ऑपरेशनआधीचा तुमचा आवाज असलेला एखादा व्हॉट्सॲप मेसेज किंवा लग्नातला व्हिडिओ शोधून ठेवा. तुमचा मूळ आवाज कसा होता हे नव्या डॉक्टरांना आणि थेरपिस्टला दुसऱ्या कशावरून कळणार नाही.